एका पुड्याचे दोन दर : कंपन्यांच्या विक्रीप्रमुखांना कोल्हापुरातून खुले पत्र

प्रति,
साबण, पेस्ट, बिस्किटं, चहापत्ती, मसाले, कपड्यांची पावडर असा रोज लागणारा माल बनवणाऱ्या कंपन्यांचे विक्रीप्रमुख,
मुंबई, गुरुग्राम, बंगळूर किंवा जिथं आपलं ऑफिस असेल तिथं.

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी एका कंपनीच्या स्टॉकिस्टचा, म्हणजे तुमचा माल दुकानांना पुरवणाऱ्या वितरकाचा, पोरगा गेल्या महिन्यात आमच्या काउंटरवर एक छापील कागद ठेवून गेला. पाच हजारांच्या आतल्या बिलाला यापुढं स्कीम, म्हणजे जादा सूट, नाही. माल आठवड्याऐवजी पंधरवड्यातून एकदा येईल. मुदत संपलेला माल परत घेतला जाणार नाही. कागदाखाली सही नव्हती आणि कारणही नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "वहिनी, मला काय इचारू नका, वरनं आलंय."

वर म्हणजे तुम्ही. म्हणून हे पत्र तुम्हाला. खुलं अशासाठी, की यापूर्वी केलेल्या मेलला 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' एवढं एकच उत्तर आलं आणि तेही मशीननं पाठवलेलं. त्या कंपनीचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर तुमचं काही बिघडणार नाही, भरडला जाईल तो स्टॉकिस्ट. शिवाय ती कंपनी तुमच्यात एकटी नाही. थोड्याफार फरकानं हाच कागद इतरांकडूनही आलाय, कुणी तोंडी सांगितलं एवढंच. आणि कागदापेक्षा मोठं दुखणं हे, की तुमचाच माल घरपोच किराणा देणाऱ्या ॲपवर आमच्या खरेदीच्या दरापेक्षा स्वस्त मिळतो.

मंगळवार पेठेत आमचं किराणा दुकान आहे. सासऱ्यांनी काढलं, नवऱ्यानं वाढवलं, आता खरेदी आणि हिशोब माझ्याकडं आहे. दहा बाय बाराचा गाळा, वर पोटमाळा. गिऱ्हाईक म्हणाल तर शिरोलीच्या नि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीला जाणारे, महाद्वार रोडच्या कापड दुकानांत उभ्यानं दिवस काढणारे, काही शिक्षक, तालमीतली पोरं आणि चार घरची धुणीभांडी उरकून परत जाताना दहाची चहापत्ती, पाव किलो साखर नेणाऱ्या बायका. यांच्यातल्या निम्म्यांचं खातं आमच्या वहीत आहे. पगार झाला की देतात. एखादा बुडवतो, बाकीचे देतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे पत्र अर्धवट वाचून बाजूला ठेवायला निमित्त नको. ॲप बंद करा, हे मागायला मी बसलेली नाही. आमच्या शेजारच्या इमारतीत गुडघे गेलेलं एक जोडपं राहतं, मुलगा पुण्याला. रात्री साडेदहाला त्यांना दूध-ब्रेड दारात मिळतं, तेव्हा आमचं शटर पडलेलं असतं. त्यांच्या सोयीला नावं ठेवणारी मी कोण? माझ्या हातातला फोनही ऑनलाइनच घेतलाय. गिऱ्हाइकाला जिथं चांगलं नि स्वस्त मिळेल तिथं ते जाणार, जावंच. १९९१ ला बाजार खुला झाल्यानंतर ज्यांनी धंदा केला त्यांना हे नव्यानं शिकवावं लागत नाही. मॉल आले तेव्हा 'आता किराणा संपला' असं पेपरात छापून आलं होतं. आम्ही संपलो नाही, कारण मॉल काय दरात घेतो नि काय दरात विकतो याचा साधारण अंदाज आम्हाला होता. त्याच्याशी कुठं टक्कर घ्यायची नि कुठं सोडून द्यायचं, हे ठरवता येत होतं.

बाजार म्हणजे काय, हे या गावाला चांगलं ठाऊक आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. तो व्यापार पुढं मार्केट यार्डात गेला, पण गुळाचा सौदा आजही सगळ्यांदेखत निघतो. शेतकरी उभा असतो, अडत्या असतो, खरेदीदार असतात, दर पुकारला जातो. ज्याला परवडेल तो घेतो. कमी दर आला म्हणून शेतकरी चिडतो, कधी सौदे बंद पाडतो, सगळं होतं. पण शेजारच्या ढिगाला काय दर लागला हे त्याला कळतं. मुक्त बाजाराची एवढीच ओळख मला आहे आणि तुमच्या बाजारात नेमकं तेवढंच नाही.

आता मूळ तक्रार. ती दराची आहे.

कपड्यांच्या पावडरीचा एक किलोचा पुडा. त्यावर छापील किंमत १४० रुपये. स्टॉकिस्टच्या बिलात तो मला पडतो १२६ ला. दिवाळीच्या आधी शेजारचा कॉलेजला जाणारा मुलगा आला, काउंटरवर फोन ठेवला नि म्हणाला, "काकू, हितं एकशे पंधराला हाय की. तुम्ही एकशे चाळीस कसं काय लावताय?" त्याचा आवाज चढलेला नव्हता, पण बघण्यात जरा फरक होता. मी त्याला माझं खरेदीचं बिल दाखवलं. तो गप्प झाला, पण पावडर काही घेतली नाही. मीही घेतली नसती.

मी १४ रुपये मिळवते ते पोरगं पकडून विचारू शकतं. तुम्ही मला ११ रुपये महाग विकता, ते तुम्हाला कोण विचारणार?

पुढचं ऐका. आमच्या मुलानं डोकं लढवलं. म्हणाला, आई, स्टॉकिस्टकडून कशाला घेतेस, ॲपवरूनच मागवू, ११५ ला घेऊ नि १३० ला विकू. बारा पुडे टाकायला गेला तर ॲप म्हणालं, एका गिऱ्हाइकाला दोनच. मला हसू आलं, पण त्या रात्री हिशोब करताना तीच गोष्ट डोक्यात घोळत राहिली. कुठल्याही दुकानदाराला त्याच्या दरात परवडत असेल, तर जास्त माल मागणाऱ्याला तो खुर्ची देतो. लक्ष्मीपुरीत मी साखरेचं एक पोतं मागितलं तर एक दर, पाच मागितली तर दर खाली येतो आणि वर चहा येतो. जास्त मागितलं म्हणून दार लावून घेणारा घाऊक व्यापारी मी आजवर पाहिलेला नाही. ११५ हा दर जर खरोखर कमी खर्चातून, चांगल्या व्यवस्थेतून आला असता, तर ॲपनं मला शंभर पुडे आनंदानं विकले असते. दोनच देतात याचा अर्थ सरळ आहे. प्रत्येक पुड्यामागं कुणीतरी पदरचे पैसे घालतंय, आणि ते फार जाऊ नयेत म्हणून ही मर्यादा आहे. तो दर नव्हे, ती जाहिरात आहे. तिचा खर्च गुंतवणूकदार सोसतो की तुम्ही, की दोघं मिळून, एवढंच मला कळत नाही. मला ते कळायला हवं.

यावर तुमचं उत्तर मला पाठ आहे. ते मोठी ऑर्डर देतात, तुम्ही छोटी देता, मोठ्या मालाला कमी दर हा व्यापाराचा नियमच आहे. मान्य. शंभर टक्के मान्य. साखरेच्या पोत्याचं वर सांगितलंच. पण लक्ष्मीपुरीतला व्यापारी मला सांगतो की एकाला इतके, पाचाला इतके, दहाला इतके. ती पायरी मला दिसते. चढायची की नाही ते मी ठरवते. शेजारच्या दुकानदाराबरोबर मिळून चढते कधी. तुमची पायरी कुठं आहे? किती पेट्यांना किती दर, हे छापलेलं पत्रक मला एकदा तरी दाखवा. विचारलं की स्टॉकिस्ट म्हणतो, "मॉडर्न ट्रेडचं, म्हणजे मॉल-सुपरमार्केटचं, वेगळं असतंय." ॲपचं त्याहून वेगळं. वेगळं म्हणजे किती, ते त्यालाही माहीत नाही, कारण त्याचाही खरेदीचा दर कधीकधी ॲपच्या विक्रीच्या दरापेक्षा जास्त असतो.

ही एकट्या मंगळवार पेठेची रड नाही. वितरकांच्या ऑल इंडिया कन्झ्युमर प्रॉडक्ट्स डिस्ट्रिब्युटर्स फेडरेशन या संघटनेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये झटपट पोचवणाऱ्या ॲप्सच्या खर्चाखालच्या दरांबद्दल बाजारातली स्पर्धा नीट राहते का ते बघणाऱ्या सरकारी स्पर्धा आयोगाकडं दाद मागितली. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये दरातल्या याच तफावतीवरून महाराष्ट्रातल्या वितरकांनी एका टूथपेस्टचा पुरवठाच थांबवला होता, तेव्हा वाद मोठ्या घाऊक साखळ्यांच्या दराचा होता. म्हणजे तुम्हाला हे माहीत नाही असं नाही. माहीत असून चालू आहे.

कायद्याचं मी थोडं वाचलं. २००२ च्या स्पर्धा कायद्याचं कलम ४ म्हणतं की बाजारात ज्याचं वर्चस्व आहे त्यानं भेदभावाचे दर लावू नयेत आणि समोरच्याला घालवण्यासाठी खर्चाच्या खाली विकू नये. यातली मेख 'वर्चस्व' या शब्दापाशी आहे हे वकिलानं समजावलं. वर्चस्व सिद्ध होईपर्यंत कलम हलत नाही, आणि ते सिद्ध होईल तेव्हा आमच्यापैकी किती शटरं वर असतील कोण जाणे. परकीय पैशाचंही तसंच. डिसेंबर २०१८ ची केंद्र सरकारची प्रेस नोट २, जी १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली, ती सांगते की परकीय गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारानं स्वतःचा माल ठेवायचा नाही आणि किमतीवर प्रभाव टाकायचा नाही. कागदावर विकणारा वेगळा असतो, ॲप फक्त मधला. एका बड्या ॲप कंपनीनं तर २०२५ मध्ये परकीय हिस्सा ४९.५ टक्क्यांपर्यंत रोखून घेतला, म्हणजे ती भारतीय ठरते नि माल ठेवायला मोकळी होते. कायदेशीर आहे, माझी तक्रार नाही. पण मी सरकारला न लिहिता तुम्हाला लिहितेय त्याचं कारण हेच. नियमातून वाट काढणाऱ्यांना वाट सापडते. दराचं पत्रक मात्र तुमच्या टेबलावर आहे. ते बदलायला ना संसद लागते ना आयोग.

दुसरी तक्रार जीएसटीची. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. चांगलं झालं. गिऱ्हाइकाला स्वस्त मिळालं, आम्हीही घरी तेच वापरतो. ॲपवर एका रात्रीत नवे दर दिसले. पेपरात पानभर जाहिराती तुमच्याच आल्या, की आमचा शाम्पू आता इतक्याला. आणि आमच्या फळीवर माल होता तो आधीचा, १८ टक्के कर भरून घेतलेला. आमच्यासारखी दुकानं कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, असतात. खरेदीवर भरलेला कर आम्हाला वजा मिळत नाही, तो आमच्या खर्चातच जातो. सकाळी शटर उघडल्यापासून जो तो येऊन म्हणतोय, "दर कमी झाल्यात की." कमी दरात दिलं तर घरातून जातंय, नाही दिलं तर आम्ही लुटारू. आम्ही कमी दरातच दिलं. फरकाची क्रेडिट नोट, म्हणजे तेवढे पैसे पुढच्या बिलातून वजा करायचा कागद, येईल असं स्टॉकिस्टनं सांगितलं, मालाची यादी करून घेतली, फळीचे फोटोही काढून नेले. काही कंपन्यांनी फरक दिला, त्यांचे आभार. बाकीच्यांची यादी अजून 'वर' आहे.

मुदत संपलेल्या मालाचं सांगते, हे जरा बारीक आहे पण सगळ्यात जास्त टोचतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनं ऑनलाइन विकणाऱ्यांना बजावलं की खाण्याची वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात पडताना तिची ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक हवेत. अतिशय योग्य. मग मुदत भरत आलेला माल जातो कुठं? माझ्याकडं आलेला बिस्किटांचा शेवटचा बॉक्स उघडला तेव्हा पुड्यांवरच्या तारखेला महिनासुद्धा उरलेला नव्हता. चोवीस पुड्यांचा बॉक्स, आणि त्या बिस्किटाला आमच्या पेठेत दिवाळीनंतर फारशी मागणी नसते. स्टॉकिस्टचा तोच पोरगा म्हणाला, "वहिनी, स्कीमवर आलाय माल, घ्या." सूट कसली होती ते तारीख वाचल्यावर कळलं. पूर्वी निदान न खपलेलं परत जायचं, कापून का होईना पैसे मिळायचे. आता तुमचा कागद म्हणतो परत घेणार नाही. म्हणजे ताजा माल ॲपला, शिळा होत आलेला पेठेला, आणि शिळा झाल्यावरचा तोटा माझ्या गल्ल्यातून.

सेल्समनचं थोडक्यात. दर मंगळवारी येणारा सेल्समन तुम्ही काढला, त्याच्या जागी ऑर्डरचं ॲप दिलं. मला ते चालवता येतं. पलीकडच्या गल्लीतल्या सत्तरीच्या आजोबांना येत नाही, त्यांची ऑर्डर मीच टाकते. सेल्समन फळीवर नजर टाकून सांगायचा की हे खपत नाही, घेऊ नका. ॲप कधीही 'घेऊ नका' म्हणत नाही. डोळ्यांसमोरच्या फळीवर तुमचा माल मांडायचे महिन्याला थोडे पैसे मिळायचे, तेही बंद झाले. आणि ॲपवर 'साबण' असं शोधलं की पहिला तुमचा दिसावा म्हणून तिथं मात्र तुम्ही पैसे मोजता. तेच पैसे फिरून त्या ११५ मध्ये येत असतील का, अशी शंका मला आली तर चुकलं कुठं?

उधारीबद्दल फार लिहीत नाही. माझ्याकडून तुम्हाला मालाबरोबर रोख किंवा यूपीआय हवं. फाउंड्रीतल्या माणसाला महिनाभर सांभाळते मी. त्या महिन्याचं व्याज ना तो देतो ना तुम्ही.

तुम्ही म्हणाल, मग दुकान बंद करा, तोट्यातला धंदा चालवायची सक्ती नाही. खरंय, सक्ती नाही. पण तुमच्याच विक्रीच्या आकड्यांत डोकवा. पाचचा बिस्किटपुडा, दहाची चहापत्ती, शाम्पूची लडी, यातलं काय काय ॲपवरून जातं? एक पुडी शाम्पू कुणी ॲपवर मागवत नाही, कारण हाताळणीचं शुल्क, छोट्या ऑर्डरचं शुल्क नि पोचवण्याचे पैसे मिळून पुडीच्या कितीतरी पट होतात. लडीतली एक पुडी कात्रीनं कापून देणारा हात आमचा आहे. तुमची नवी वस्तू बाजारात आली की 'हे कसं आहे हो' असं विचारणारी बाई आम्हाला विचारते, आणि आम्ही बरं आहे म्हटलं तर नेते. हे काम तुम्ही आजवर फुकट करून घेतलंत.

ऑगस्ट २०१९ चा पूर आठवत असेल. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आलं, गाड्यांच्या रांगा लागल्या, गावात बाहेरून काही येईना. शाहूपुरी, नागाळा पार्क, दसरा चौकाकडचा भाग पाण्यात. आमच्या पेठेत पाणी नव्हतं, पण माल संपत आलेला. तेव्हा पेठेतल्या दुकानांनी आपापसांत ठरवून दूध पावडर, मेणबत्त्या, काडेपेट्या, मॅगी एका घराला ठरावीकच दिल्या, छापील किमतीत. हे उपकार म्हणून सांगत नाही. विकलं, नफाही झाला. २०२१ च्या जुलैतही पुन्हा तीच गत झाली. सांगायचं एवढंच, की मालाची गाडी रस्त्यात अडकली तर गल्लीच्या तोंडाला थोडा तरी साठा असावा लागतो. तो साठा कुणीतरी स्वतःच्या पैशानं करून ठेवलेला असतो. पंधरवड्यातून एकदा गाडी पाठवून, स्कीम काढून, परतावा बंद करून तुम्ही तो साठा करायची ताकदच काढून घेताय.

जाता जाता त्या पिशव्या पोचवणाऱ्या पोरांबद्दल. आमच्याच पेठेतली आहेत, त्यातला एक तर आमच्या दुकानात पुड्या बांधायला होता. पावसात गाडी दामटत जाताना दिसला की जीव वर-खाली होतो. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, त्यात ॲपवाल्यांनी या कामगारांसाठी उलाढालीचा हिस्सा द्यायचा आहे. तो त्यांच्यापर्यंत लवकर पोचो. माझं भांडण त्यांच्याशी नाही, हे त्यालाही माहीत आहे. अजून चहाला थांबतो.

आता मागण्या. या पेठेतल्या काही दुकानदारांशी बोलून लिहिल्या आहेत.

दराचं पत्रक उघडं करा. किती पेट्यांना किती दर, ते सगळ्यांना एकच, मग घेणारा ॲप असो, मॉल असो की मंगळवार पेठ. जास्त मालाला कमी दर द्या, हरकत नाही. पण पायऱ्या दिसू द्यात.

एकत्र ऑर्डर घ्या. पेठेतल्या दहा-बारा दुकानांनी मिळून एक ऑर्डर दिली तर त्या ऑर्डरीचा दर आम्हाला मिळायला हवा, माल एका ठिकाणी उतरवा, वाटून आम्ही घेऊ. आज हे मागितलं की 'एक बिल, एक दुकान' असं सांगून वाटेला लावतात. हा जिल्हा गोकुळचा आहे, वारणा बझारचा आहे, शेतकरी संघाचा आहे, सगळ्या सहकारी संस्था. मिळून खरेदी-विक्री कशी करायची हे आम्ही पाहत वाढलो. (सहकाराचं पुढं कुठं कुठं काय झालं तेही पाहिलंय, म्हणून हिशोब दर महिन्याला भिंतीवर लावायचं आधीच ठरवलंय.) ही मागणी मान्य झाली तर बाकीच्या अर्ध्या मी स्वतःहून मागं घेईन.

ॲपवरची सूट कोण सोसतं ते जाहीर करा. तुम्ही सोसत असाल तर तेवढीच आम्हालाही द्या. ॲप सोसत असेल तर तसं लेखी सांगा, म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायला आमच्याकडं बिलाशिवाय आणखी एक कागद असेल.

मुदतीची अट आमच्या मालालाही लावा. खाण्याचा माल दुकानात उतरताना त्याची निम्मी मुदत शिल्लक हवी. तसा नसेल तर न खपलेला परत घ्या.

जीएसटीच्या फरकाच्या क्रेडिट नोटा राहिलेल्या सर्व दुकानांना द्या, याद्या तुमच्याकडं पडून आहेत.

आणि कागद पाठवाल तर मराठीत पाठवा, कारणासह, सहीसह.

गुढीपाडव्यापर्यंत आम्ही वाट बघू. पाडव्याला दुकान लावायची पद्धत आहे, फळ्या पुसून माल नव्यानं मांडतो. मुक्त बाजारात तुम्हाला तुमचा माल कुणाला किती दरात द्यायचा हे ठरवता येतं, तसं माझ्या दुकानात डोळ्यांसमोरची फळी कुणाला द्यायची हे मला ठरवता येतं. ज्या कंपन्यांकडून या मागण्यांना लेखी उत्तर येईल, त्यांचा माल आहे तिथं राहील. ज्यांचं येणार नाही, त्यांचा खालच्या खणात जाईल, मागितला तरच मिळेल. वरच्या फळीवर इचलकरंजीच्या एका छोट्या कारखान्याची पावडर आणि कागलकडच्या बचत गटाचा मसाला मांडायचं बोलणं झालं आहे. त्यांचा दर एकच आहे, मला नि शेजारच्याला सारखाच, आणि न खपलेला माल ते परत नेतात.

उत्तर स्टॉकिस्टमार्फत पाठवलं तरी चालेल. तो पोरगा दुकान ओळखतो.

कळावे,
मंगळवार पेठेतली एक किराणा दुकानदार,
कोल्हापूर